जातीचा कागद नसला तरी रॅलीत उतरता येतं

अमेरिकेतल्या मराठी घरांत कुत्र्यांच्या स्पर्धांचा विषय निघाला, की ‘आमचा कुठे जातिवंत आहे, शेल्टरमधून आणलाय’ असं म्हणून तो लगेच मिटवला जातो. पुण्याहून किंवा नागपूरहून आपला गावठी कुत्रा सोबत नेलेली कुटुंबंही हेच म्हणतात. रॅली ओबिडियन्स या खेळाच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. या गैरसमजापायी कितीतरी हुशार, माणसाळलेले कुत्रे रिंगच्या बाहेरच राहतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

आधी खेळ काय आहे ते पाहू. रिंगमध्ये क्रमांक घातलेल्या पाट्या मांडलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक कृती लिहिलेली असते: थांबा आणि बसवा, उजवीकडे पूर्ण गिरकी घ्या, शंकूंमधून नागमोडी चाला, कुत्र्याला समोर बोलावून पुन्हा डावीकडे घ्या. माणूस आणि कुत्रा जोडीने एका पाटीकडून दुसरीकडे जातात. साध्या ओबिडियन्समध्ये परीक्षक एकेक हुकूम देतो. इथे तो सुरुवातीची सूचना देतो आणि नंतर फक्त गुण कापत राहतो. सुरुवात 100 गुणांनी होते आणि 70 राहिले की उत्तीर्ण. वेळ मोजतात खरी, पण दोघांचे गुण सारखे झाले तरच ती पाहतात.

चार्ल्स ‘बड’ क्रेमर यांनी मांडलेल्या या खेळाला अमेरिकन केनल क्लबने 1 जानेवारी 2005 पासून पदवीची स्पर्धा म्हणून मान्यता दिली. मिश्र जातीच्या कुत्र्यांना तेव्हा मात्र सरसकट मज्जाव होता. एप्रिल 2010 पासून याच क्लबच्या रॅली, ओबिडियन्स आणि अ‍ॅजिलिटी या तिन्ही खेळांत मिश्र जातीचे कुत्रेही उतरू लागले. म्हणजे जातिवंत कुत्र्यांचा क्लब असल्यामुळे आपल्याला तिथे जागा नाही, हा समज कालबाह्य होऊनही बरीच वर्षं झाली.

आता कागदांकडे वळू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. रॅलीत उतरण्यासाठी कुत्र्याला क्लबचा क्रमांक लागतो, आणि तो मिळवण्याचे रस्ते एकाहून अधिक आहेत. पहिला रस्ता नेहमीच्या जातिनोंदणीचा. दुसरा आहे प्युअरब्रेड अल्टर्नेटिव्ह लिस्टिंगचा, ज्याला सगळे ‘पॅल’ म्हणतात. कुत्रा मान्यताप्राप्त जातीचाच दिसतो, पण त्याच्या आईबापांचे कागद नाहीत, अशांसाठी तो आहे. शेल्टरमधून आलेला लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड बहुधा याच वाटेने जातो. अर्जासोबत कुत्र्याचे फोटो द्यावे लागतात आणि ते पाहून क्लब निर्णय घेतो. तिसरा रस्ता फाउंडेशन स्टॉक सर्व्हिसचा, क्लबच्या मुख्य यादीत अजून न आलेल्या दुर्मीळ जातींसाठी. चौथा ‘कॅनाइन पार्टनर्स’चा, आणि आपल्या गावठी कुत्र्याची वाट हीच. मिश्र जातीचे आणि जातिनोंदणीत न बसणारे कुत्रे इथे नोंदवता येतात. क्लब त्यांना ‘ऑल-अमेरिकन डॉग’ म्हणतो. कुत्र्याचा जन्म धुळ्याच्या गल्लीत झाला असला तरी हरकत नाही.

ब्रीडरकडून घेतलेल्या पिल्लाच्या बाबतीत गैरसमज वेगळा असतो. ‘पेपर्सवालं पिल्लू आहे’ असं ऐकलं की घरच्यांना वाटतं, नोंदणी झालेलीच आहे. प्रत्यक्षात ब्रीडरने केलेली नोंद अनेकदा सगळ्या पिल्लांची मिळून एक, म्हणजे लिटरची असते. त्यातल्या एकेका पिल्लाची नोंदणी नव्या मालकाने अर्ज करून पूर्ण करायची असते. तो अर्ज कपाटात पडून राहिला, तर कुत्र्याच्या नावावर क्रमांकच नसतो. पहिल्या स्पर्धेचा फॉर्म भरायला बसेपर्यंत कित्येकांना याचा पत्ता लागत नाही.

‘लिमिटेड’ नोंदणीबद्दलही अशीच भीती असते. ब्रीडरने पिल्लू मर्यादित नोंदणीवर दिलं, तर त्याच्या पिल्लांची नोंदणी होत नाही आणि त्याला सौंदर्यस्पर्धेच्या रिंगमध्ये उतरता येत नाही. बंधन एवढंच. रॅलीला त्याची आडकाठी नाही. नसबंदीचंही तेच. जातीच्या आदर्शानुसार कुत्रा जोखणाऱ्या शोमध्ये नसबंदी झालेला कुत्रा चालत नाही, कारण तिथे पैदाशीसाठीची निवड पाहतात. रॅलीत फक्त काम पाहतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नोंदणीचा कागद म्हणजे कुत्र्याच्या आरोग्याची किंवा दर्जाची हमी नव्हे, असं क्लब स्वतःच सांगतो. जातीचा कागद असलेला कुत्रा रॅलीत आपोआप सरस ठरत नाही, आणि कागद नसलेला कमी पडत नाही. परीक्षकासमोर असते ती जोडी: माणूस वळला की कुत्रा वळतो का, त्याचं लक्ष आपल्या माणसाकडे आहे का, आनंदाने चालतोय की ओढला जातोय.

वयाबद्दल दोन्ही टोकांचे समज आहेत. कुणाला वाटतं पिल्लू लहान आहे, कुणाला वाटतं कुत्रा म्हातारा झाला. नियम साधा आहे: कुत्रा किमान 6 महिन्यांचा हवा. वरची मर्यादा नाही. उलट वयस्कर कुत्र्यांना हा खेळ छान मानवतो, कारण पहिल्या, नॉव्हिस पातळीवर उडी मारायची नसते आणि सगळं लीशवर असतं. पुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड पातळीपासून लीश सुटते आणि उडी येते, तीही खांद्यापाशी मोजलेल्या उंचीप्रमाणे. 10 इंचांखालच्या छोट्यांना 4 इंच, 20 इंच आणि त्याहून उंच कुत्र्यांना 16 इंच, आणि मधल्यांना 8 किंवा 12. मात्र लंगडणाऱ्या कुत्र्याला परीक्षक रिंगबाहेर काढतो आणि माजावर आलेली कुत्री उतरवता येत नाही. माणसावर किंवा दुसऱ्या कुत्र्यावर हल्ला करणाऱ्या कुत्र्यावर बंदी येऊ शकते, आणि ती येणंच योग्य आहे.

ऐकू न येणाऱ्या कुत्र्यांनाही बंदी नाही. हातांच्या खुणा इथे पूर्णपणे चालतात आणि बहिरा कुत्रा खुणांवर उत्तम काम करतो. तीच गोष्ट माणसांची. व्हीलचेअरवरून किंवा काठी घेऊन चालणाऱ्या हँडलरसाठी परीक्षक कोर्समध्ये योग्य ते फेरफार करू शकतो, पण कुत्र्याने त्याच्या वाट्याचं काम पूर्ण करायला हवं. शाळकरी मुलंही आपला कुत्रा घेऊन उतरतात. अगदी पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी नॉव्हिसचा ‘अ’ गट आहे. आधी कुठल्याच कुत्र्याला ओबिडियन्स किंवा रॅलीची पदवी मिळवून न दिलेल्यांचा तो गट, आणि तिथे कुत्रा घरच्या माणसानेच उतरवायचा असतो. भाड्याने आणलेला ट्रेनर तिथे चालत नाही.

‘आधी ओबिडियन्सची पदवी घ्या, मग रॅली’ हा आणखी एक पक्का बसलेला समज. तशी काहीही अट नाही. ‘कॅनाइन गुड सिटिझन’ची चाचणी दिलेली असली तर चांगलंच, पण तीही अनिवार्य नाही. कुत्र्याला डाव्या बाजूने नीट चालणं, बसणं, झोपणं आणि हाकेला येणं जमतंय? मग तयारीला सुरुवात करता येते.

रिंगमधल्या वागण्याबद्दल तर उलटसुलट माहिती पसरलेली असते. कुत्र्याशी बोलायचं नाही, असं कुणीतरी ठासून सांगतं. रॅलीत बोलायचं, शाबासकी द्यायची, पुन्हा सांगायचं, सगळं चालतं. चालत नाही ते धरून बसवणं, ओढणं आणि दरडावणं. खाऊही रिंगमध्ये नेता येत नाही. विजेचा झटका देणारे किंवा आतून काटे असलेले पट्टे स्पर्धेत बसत नाहीत, आणि माझ्या मते ते घरीही नसावेत.

एका पाटीकडे जवळून पाहू या. ‘थांबा, कुत्र्याभोवती चाला.’ तुम्ही थांबता, कुत्रा डाव्या बाजूला बसतो. तुम्ही ‘थांब’ म्हणता आणि त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारून परत त्याच्या उजवीकडे येता. त्याने जागेवरून उठायचं नसतं. वाचायला सोपं आहे. पण शेपटीमागून जाताना कुत्र्याचं डोकं तुमच्याबरोबर वळतं, मग खांदा, मग कंबर, आणि तो उभा राहतो. कृती चुकली तर 10 गुण जातात. मात्र पाटी पुन्हा करायची संधी असते आणि तिचे फक्त 3 गुण कापले जातात. नवख्यांना हे माहीत नसतं, म्हणून ते चुकलेल्या पाटीवरून तसेच पुढे निघतात आणि 7 गुण फुकट घालवतात.

कोर्स आधी दाखवत नाहीत, हीदेखील अफवाच. नकाशा लावलेला असतो आणि सुरू होण्यापूर्वी कुत्र्याशिवाय कोर्स चालून पाहायला वेळ देतात. कुठे वळायचं, कुठे हात कोणता, हे तेव्हाच पक्कं करावं. नॉव्हिसच्या पदवीसाठी किमान दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडे मिळून तीनदा उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणून पहिला प्रयत्न फसला तर निराश व्हायचं कारण नाही.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज: नोंदणी झाली, म्हणजे स्पर्धेत नाव लागलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबचा क्रमांक एकदाच घ्यायचा. प्रत्येक स्पर्धेचा प्रवेशअर्ज मात्र निराळा. स्पर्धा भरवणारा स्थानिक क्लब माहितीपत्रक काढतो, त्यात तारीख, जागा, परीक्षकांची नावं, शुल्क आणि अर्जाची शेवटची तारीख असते. ती तारीख स्पर्धेच्या बरीच आधीची असू शकते, आणि कितीतरी स्पर्धांत प्रवेशसंख्येला मर्यादा असते. त्या दिवशी सकाळी कुत्रा घेऊन गेलं की झालं, असं समजू नका. शिवाय एका संस्थेचा क्रमांक दुसरीकडे चालत नाही. वर्ल्ड सायनोस्पोर्ट रॅली ही वेगळी संस्था आहे, तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते. तिथे मिश्र जातीच्या कुत्र्यांना मुक्त प्रवेश आहे आणि काही अटींवर कोर्सवर खाऊही देता येतो. ब्रिटनच्या केनल क्लबमध्ये कागद नसलेल्या कुत्र्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हिटी रजिस्टर’ आहे.

भारतातून कुत्रा नेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. 1 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत येणारा कुत्रा किमान 6 महिन्यांचा, मायक्रोचिप असलेला आणि निरोगी दिसणारा हवा, आणि भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. रेबीजची लस भारतात दिली असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अँटिबॉडींची रक्ततपासणी करून घ्यावी. ती नसेल तर 28 दिवस विलगीकरण भोगावं लागतं. त्या तपासणीसाठीचं रक्त प्रवासाच्या निदान 28 दिवस आधी घेतलेलं असावं लागतं. मायक्रोचिप लसीच्या आधी बसवा.

तेव्हा कुत्र्याचं शिक्षण सुरू कराल, त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्जही भरून टाका. तयारीला महिने लागतील, त्या काळात क्रमांक हातात येईल. मग जवळच्या क्लबची एक स्पर्धा प्रेक्षक म्हणून बघून या, आणि पुढच्या वेळच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख तिथूनच लिहून आणा.