एकच दिवस, दोन तारखा

दिनविशेष वाचायची मला भारी आवड. पण ग्रीसच्या इतिहासातला एक दिवस असा आहे, की तो कॅलेंडरवर दोनदा सापडतो. २५ मार्चला आणि ६ एप्रिललाही! ही भानगड काय आहे, ते सांगतो.

२५ मार्च हा ग्रीसचा राष्ट्रीय दिन. १८२१ साली ग्रीकांनी ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्ध उठाव केला, त्याची ही आठवण. खरं तर लढाई आधीच पेटली होती. २३ मार्चला कालामाता शहर मुक्तही झालं होतं. पण देवदूताने मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिली, तो सण २५ मार्चचा. म्हणून १८३८ साली हाच दिवस मुक्रर झाला. आजही त्या दिवशी अथेन्समध्ये परेड होते आणि घरोघरी तळलेला कॉड मासा अन् लसणीची चटणी असते. (मेसवाल्या काकांनी नोंद घ्यावी!)

आता खेळाकडे वळू. उठावाला ७५ वर्षं झाली, त्याच दिवशी, म्हणजे २५ मार्च १८९६ ला, अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये राजा जॉर्ज पहिला याने पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचं उद्घाटन केलं. तीनच वर्षांपूर्वी देशाचं दिवाळं निघालं होतं. स्टेडियमचा खर्च आवेरोफ या धनाढ्य व्यापाऱ्याने उचलला. त्याच दिवशी जेम्स कॉनोली या अमेरिकन खेळाडूने १३.७१ मीटर तिहेरी उडी मारली आणि सुमारे दीड हजार वर्षांनंतरचा पहिला ऑलिंपिक विजेता ठरला. हार्वर्डने रजा नाकारली, म्हणून पठ्ठ्या कॉलेज सोडून आला होता!

पण ऑलिंपिकच्या पुस्तकांत उद्घाटनाची तारीख ६ एप्रिल दिसते. का? कारण ग्रीसमध्ये तेव्हा ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. त्यात वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतात. प्रत्यक्षात ते सुमारे ३६५.२४२२ दिवसांचं आहे. म्हणजे वर्षाला ११ मिनिटांची एरर. किरकोळ वाटते ना? पण ती साठत जाते आणि १२८ वर्षांत अख्खा एक दिवस होतो. १५८२ च्या ग्रेगोरियन कॅलेंडरने ही चूक सुधारली. त्यात ४०० वर्षांतले ३ लीप दिवस वगळतात. एकोणिसाव्या शतकात दोघांतला फरक १२ दिवसांचा होता. २५ मार्च अधिक १२ म्हणजे ६ एप्रिल. जमलं गणित!

ग्रीसने कॅलेंडर बदललं ते १९२३ साली. १५ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. राष्ट्रीय दिनाचा आकडा मात्र २५ मार्चच राहिला. ऑलिंपिक जगाच्या कॅलेंडरवर ६ एप्रिलला गेलं, आणि त्याच्याच आठवणीत संयुक्त राष्ट्रसंघ २०१४ पासून ६ एप्रिलला जागतिक क्रीडा दिन पाळतो. एका दिवशी साजरे झालेले दोन सोहळे असे दोन दिवसांत वाटले गेले.

म्हणूनच स्पिरिदॉन लुईसने मॅरेथॉन जिंकल्याची तारीख कुठे २९ मार्च, तर कुठे १० एप्रिल दिसेल. दोन्ही बरोबर आहेत.

मित्रांनो, उत्तराला युनिट लिहिलं नाही की सर मार्क कापतात. जुन्या तारखेचं युनिट म्हणजे तिचं कॅलेंडर. क्विझमध्ये उत्तर ठोकण्यापूर्वी तेवढं विचारून घ्या!