एआय सगळं लिहून देतं, मग आपण काय लिहायचं? मारबतीवरून समजून घेऊ

तुमच्यापैकी बरेच जण इन्स्टा पेज, यूट्यूब चॅनल नाहीतर छोटा ब्लॉग चालवत असतील. एआय दहा सेकंदांत लेख लिहून देतं, मग आपण डोकं कशाला खपवायचं, हा प्रश्न मलाही सारखा विचारला जातो. मी नागपूरचा, म्हणून उदाहरण मारबतीचं घेतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत बडगे असतात, म्हणजे मोठाले पुतळे. मारबत तीच, पण बडग्याचा विषय दरवर्षी नवा: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले असतील ते.

मी एका एआय ॲपला म्हटलं, मारबतीवर लेख दे. वर्षं बरोबर, भाषा एकदम स्वच्छ. पण इतवारीतल्या पोट्ट्याला नवीन वाटेल असं त्यात एक वाक्य नव्हतं. आणि वर्ध्याहून पहिल्यांदा येणाऱ्यासाठी? गाडी कुठे लावायची, कुठे उभं राहिलं तर नीट दिसतं, लहान पोराला त्या गर्दीत न्यावं का, यातलं काहीच नाही.

असं होतं कारण लँग्वेज मॉडेल आधी लिहिलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल ते शिकतं. आता बरेच ॲप नेटवर शोधूनही सांगतात, पण सापडायला ते कुणीतरी लिहिलेलं तर पाहिजे ना! मराठीत इथेच गाडी अडते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त लोक होते. पण अनेक मॉडेल्स ज्यावर शिकली, त्या कॉमन क्रॉल या वेब-संग्रहात इंग्रजी ४० टक्क्यांच्या वर आणि मराठी एक टक्कासुद्धा नाही.

गूगलचं काय? एआयने लिहिलं म्हणून गूगल लेख बाद करत नाही, हा गैरसमज आधी काढा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी दर्जा तपासायच्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द घातला. मार्च २०२४ मध्ये फक्त रँकिंगसाठी ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम आणला, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एआय ओव्हरव्ह्यू भारतात आलं. म्हणजे ‘मारबत म्हणजे काय’ याचं उत्तर आता सर्चमध्ये वरच मिळू शकतं. तुमचा लेख उघडायची गरजच काय?

कंटेंट स्ट्रॅटेजी हा शब्द भारी वाटतो, पण काम साधं आहे: कोणासाठी आणि त्याच्या कोणत्या प्रश्नासाठी लिहितोय, हे आधी ठरवायचं. मारबतीचंच करायचं तर बडगे बनवणाऱ्यांकडे जा. यंदाचा विषय कोणी ठरवला, भांडण झालं का, पैसे कुठून आले, किती रात्री जागल्या, हे विचारा. नाव-फोटो टाकण्याआधी परवानगी घ्या.

एआय वापरूच नका असं मी म्हणत नाही. रेकॉर्डिंगचं टायपिंग, शुद्धलेखन, हेडिंगचे चार पर्याय यासाठी खुशाल वापरा. फक्त एक तपासा. समोरचा ‘काहून करून राहिले’ म्हणाला असेल, तर टूल बरेचदा त्याचं गुपचूप ‘का करत आहेत’ करून टाकतं. रेकॉर्डिंग पुन्हा ऐका आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं परत बसवा.