सांडपाण्याचा पंप आणि कोकणचा पाऊस

मुंबई-गोवा महामार्गावरील पाली हे रत्नागिरी तालुक्यातील गाव. कोकणातल्या अशा गावांत सांडपाण्याचा प्रश्न आजवर परसातील केळीच्या आळ्यापाशीच सुटत असे. न्हाणीचे पाणी तिथे मुरे आणि त्याचा विचार करण्याची वेळ कोणावर येत नसे. परंतु २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले, माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी हे उद्दिष्ट ठरले, आणि घरात येणाऱ्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो हे गणितही त्याबरोबर आले. बाजारपेठेतील दाटीत, दुमजली-तिमजली इमारतींत केळीचे आळे कोठून आणायचे? मग भूमिगत वाहिनी येते. उतार संपून सखल भाग आला, की सांडपाणी वर चढविणारे पंपघरही येते.

पंपघराची रचना साधी असते. सखल जागी जमिनीखाली टाकी, म्हणजे संप. त्याच्या तोंडाशी जाळी. आत पाण्यात बुडालेले दोन पंप, एक चालता व एक राखीव. आणि पाणी वर नेणारी ऊर्ध्ववाहिनी. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले, की तरंगता स्विच पंप सुरू करतो आणि पातळी उतरताच बंद करतो. काही वर्षांनी हे केंद्र अपुरे पडू लागते, पावसाळ्यात तुंबते, आणि 'मोठा पंप बसवा' अशी मागणी होते. चूक बहुधा इथेच होते.

उदाहरणादाखल तीन हजार वस्ती धरू. माणशी ४४ लिटर सांडपाणी, म्हणजे दिवसाला १ लाख ३२ हजार लिटर. सेकंदाला सरासरी अवघे दीड लिटर! सकाळच्या गर्दीच्या वेळी याच्या तिप्पट धरण्याची अभियंत्यांची रीत आहे. तरी आकडा साडेचार लिटरच्या पुढे फारसा जात नाही. वाहिनीत गाळ बसू नये म्हणून पाण्याला वेग हवा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळात सेकंदाला ०.८ मीटर वेग राखायचा, तर पंपाने सेकंदाला सव्वासहा लिटर पाणी फेकले पाहिजे. पंधरा मीटर चढावासाठी तीनएक अश्वशक्तीचा पंप त्याला पुरतो. दिवसाकाठी सहा तासांच्या आत काम आटोपते आणि वीज लागते ती तेरा युनिटांच्या आसपास.

आता पाऊस पाहा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तासाला ५० मिलिमीटरची एखादी सर आली, तर १०० चौरस मीटरच्या एका छपरावरून तासाभरात पाच हजार लिटर पाणी उतरते, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ लिटर. एका घराची पन्हळ सांडपाण्याच्या चेंबरला जोडली, की दुसऱ्या अख्ख्या गावाचे सांडपाणी आल्यासारखे होते. अशा चार-पाच पन्हळी असतील तर पंप कितीही मोठा घ्या, तो हरणारच. शिवाय त्याच नळातून दुप्पट पाणी ढकलायचे, तर घर्षणाचा विरोध जवळजवळ चौपट होतो. आणि उन्हाळ्यात हाच मोठा पंप लहान संप मिनिटा-दोन मिनिटांत उपसून सारखा चालू-बंद होत राहतो. मोटार जळते ती यामुळे.

म्हणून सुधारणेचा पहिला खर्च पंपावर नव्हे, तर मोजमापावर व्हावा. मे महिन्यात आणि जुलैमध्ये पंप रोज किती तास चालला, एवढी नोंद वहीत असली तरी पुष्कळ कळते. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर पन्हळी तोडाव्यात, चेंबरची झाकणे रस्त्यावरील पाण्याच्या पातळीहून वर घ्यावीत, फुटके सांधे बुजवावेत. हे काम कोणाला आवडत नाही. पन्हळ शेजाऱ्याचीच असते. पण न केल्यास संप भरून वाहतो, ते पाणी ओहोळात उतरते आणि जांभ्याच्या सच्छिद्र थरातून विहिरींकडे जाते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जाळीत व पंपात अडकतात ती फडकी, केस, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक. ते काढण्यासाठी माणूस संपात उतरवला जातो. कुजत्या सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. धोका गेला असे वाटते तेव्हा तो सर्वाधिक असतो. संरक्षक साधनांविना अशा सफाईला २०१३ च्या कायद्याने मनाई केली. अशा मृत्यूंसाठीची दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. ज्या नव्या आराखड्यात पंप मार्गदर्शक दांड्यांवरून साखळीने वर ओढता येत नाही आणि जाळीची टोपली बाहेरून उचलता येत नाही, तो ग्रामसभेने परत पाठवावा. या दोन सोयींना फार पैसे लागत नाहीत.

राहिली वीज. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये वीज आणि दूरध्वनी दोन्ही ठप्प झाले होते. पंपाचे विद्युत पॅनेल पुराच्या ज्ञात पातळीच्या वर चौथऱ्यावर असावे, आणि फिरता जनरेटर आणून जोडता येईल असा सॉकेट त्यावर आधीच बसविलेला असावा. तो चालतो की नाही, हे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा जोडून पाहावे.