शुभेच्छापत्रांमुळे हातकागदाला आधार

दिवाळी, नाताळ अथवा नववर्षाच्या शुभेच्छा आता बहुतांशी भ्रमणध्वनीवरूनच दिल्या जातात. तरीही नक्षीदार कागद कापून व चिकटवून घरच्या घरी शुभेच्छापत्र तयार करण्याची आवड टिकून आहे. ही केवळ हौस नसून हातकागद तयार करणाऱ्या कारागिरांच्या उपजीविकेशीही तिचा जवळचा संबंध आहे.

राजस्थानात जयपूरलगतचे सांगानेर हे हातकागदाचे देशातील प्रमुख केंद्र मानले जाते. कागद तयार करणारी तेथील घराणी ‘कागजी’ याच नावाने ओळखली जातात. महाराष्ट्रात खुलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावही याच व्यवसायावरून पडले आहे, तर जुन्नरी कागद एकेकाळी दप्तरी कामासाठी प्रसिद्ध होता.

गिरणीचा स्वस्त कागद बाजारात आल्यानंतर हिशेबाच्या वह्या व दप्तरे यांसाठी असलेली हातकागदाची मागणी घटत गेली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने या कलेला उत्तेजन दिले. त्याच विचारातून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. पुढे शुभेच्छापत्रे, दैनंदिन्या, पिशव्या व भेटवस्तूंची वेष्टने यांमुळे या कागदाला देशात आणि परदेशात नवी बाजारपेठ मिळाली.

या कागदासाठी झाडे तोडावी लागत नाहीत. कापड व होजिअरी उद्योगातील सुती कातरण हा त्याचा मुख्य कच्चा माल आहे. कातरणीचे बारीक तुकडे करून पाण्यात त्यांचा लगदा केला जातो. जाळीच्या चौकटीवर हा लगदा सारखा पसरून पाणी निथळू दिले जाते. ओला ताव कापडावर उतरवून दाबयंत्राखाली ठेवतात व नंतर वाळवितात. शाई फुटू नये म्हणून त्याला खळ दिली जाते. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन या द्रव्यामुळे वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो. सुती कागदात हे द्रव्य जवळजवळ नसल्याने तो दीर्घकाळ टिकतो.

कागदावर नक्षी अनेक प्रकारे उमटविली जाते. लगद्यातच फुलांच्या पाकळ्या किंवा रंगीत धागे मिसळतात. कापडाप्रमाणे लाकडी ठशांनी वा जाळीच्या साहाय्याने छपाई करतात. संगमरवरी नक्षीसाठी दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगत ठेवून ते काडीने किंवा फणीने फिरवितात व त्यावर ताव अलगद टेकवून उचलतात. त्यामुळे कोणतेही दोन ताव तंतोतंत सारखे निघत नाहीत.

शुभेच्छापत्र तयार करताना पायासाठी जाड कागद घ्यावा. प्रति चौरस मीटर २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद त्यासाठी योग्य ठरतो. २१० बाय १४८ मिलिमीटरचा तुकडा मधोमध दुमडल्यास १०५ बाय १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते. ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या प्रचलित पाकिटात ते सहज बसते. दुमडण्यापूर्वी पट्टीच्या आधाराने बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी फाटत नाही. गिरणीच्या कागदातील तंतू बहुधा एकाच दिशेने असतात. त्या दिशेने घडी घातल्यास ती स्वच्छ येते.

नक्षीदार कागद पायापेक्षा प्रत्येक बाजूने तीन-चार मिलिमीटर लहान कापावा, म्हणजे भोवती नीटस चौकट राहते. नक्षी ठळक असेल तर तिची अरुंद पट्टी पुरेशी होते. डिंक पातळ व कमी लावावा, कारण जादा ओलाव्याने कागद सुरकुततो. चिकटविलेले पत्र वाळेपर्यंत जड पुस्तकाखाली ठेवावे. हातकागदावर लिहिण्यापूर्वी शाई फुटते का, हे उरलेल्या तुकड्यावर पाहून घेणे हिताचे असते. टपालाने पाठवायचे असल्यास मणी वा जाड सजावट टाळावी.

एका तावातून अशी अनेक पत्रे सजविता येतात व उरलेल्या पट्ट्या पुस्तकातील खुणेसाठी उपयोगी पडतात. मात्र शुभेच्छापत्रे पाठविण्याची प्रथा जसजशी मागे पडेल, तसतशी हिशेबाच्या वहीनंतर मिळालेली ही बाजारपेठही आक्रसत जाईल. म्हणूनच घरी तयार होणाऱ्या प्रत्येक पत्रासाठी खरेदी केलेला हातकागदाचा ताव त्या कारागिरांच्या दृष्टीने मोलाचा आहे.