खडकवासला, पाण्याखालून

पुणेकराला खडकवासला आकड्यांत पाठ असतो. जुलै उजाडला की साखळीत किती टीएमसी जमा झाले, विसर्ग किती क्युसेकने वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला का, हीच चर्चा घराघरांत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून सुमारे 29 टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही थोडा कमी, पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी शहराकडे निघते ते याच तळ्यातून. या पाण्याच्या पोटात उतरलेल्या माणसाचे काय होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. स्कूबा म्हटले की आपल्याला तारकर्ली आठवते, मालवण आठवते, फार तर अंदमान. स्वारगेटपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या या तळ्याकडेही त्या नजरेने पाहायला हवे. इथले नियम समुद्राहून निराळे आहेत आणि ते माहीत नसल्याची किंमत दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात कुणाचे तरी घर मोजते.

मुठेवरचे हे दगडी धरण 1879 मध्ये पूर्ण झाले. ते उभारणारे लष्करी अभियंते फाइफ यांच्या नावाने इंग्रजी कागदपत्रांत या तळ्याला ‘लेक फाइफ’ म्हणत. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये पहिल्यांदा बसले ते इथेच. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तो लोंढा याही भिंतीला सोसला नाही आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. हे सगळे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. कमी ठाऊक आहे ती दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. समुद्रकिनाऱ्यावर फौजा उतरवण्याची कवायत तेव्हा या गोड्या पाण्याच्या उत्तर काठावर चाले आणि त्यासाठी उभारलेल्या नकली जहाजाचे नाव होते ‘एचएमएस अँगोस्टुरा’. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना तळे, आसपासचे डोंगर आणि हे जुने प्रशिक्षण केंद्र या तिन्ही गोष्टी जमेला धरल्या गेल्या. प्रबोधिनीचे छात्र आजही याच पाण्यात पीकॉक बे येथे शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. युद्धाच्या त्याच धामधुमीत, 1943 मध्ये, फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून मागणीनुसार हवा देणारे यंत्र तयार केले. आजची सगळी स्कूबा त्या यंत्रावर उभी आहे.

आता पाण्यात उतरू. पहिला फरक वजनाचा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून ते माणसाला जास्त उचलून धरते. सगळे साहित्य धरून 100 किलो भरणाऱ्या डायव्हरला इथे मालवणपेक्षा साधारण अडीच किलो शिसे कमी बांधावे लागते. समुद्रातल्या सवयीने तोच पट्टा कमरेला लावून उतरलात तर सरळ तळाकडे खेचले जाल. आणि खडकवासल्याचा तळ म्हणजे गाळ. सह्याद्रीच्या उतारांवरून गेले जवळपास दीडशे पावसाळे वाहून आलेली बारीक माती. फिनचा एक फटका बसला की ती उठते आणि मग स्वतःच्या मनगटावरचे घड्याळही दिसत नाही. पावसाळ्यात तर वरूनच लाल पाणी. त्यातल्या त्यात बरे दिसते ते हिवाळ्यात, गाळ खाली बसल्यावर.

दुसरा फरक उंचीचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त महत्त्वाचा. हे तळे समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच आहे. डायव्हिंगच्या प्रशिक्षणात 300 मीटरच्या वरचे पाणी ‘उंचीवरचे’ धरतात आणि त्यासाठी वेगळे गणित शिकवतात. खोलीवर दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर येताना दाब कमी होतो तसा तो बाहेर पडू लागतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केलीत तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे धरतात. सांधे दुखतात, अंग बधिर होते, प्रसंगी जीव जातो. पुण्याच्या उंचीवर पृष्ठभागावरचा हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के कमी. त्यामुळे इथले 18 मीटर डायव्हिंगच्या तक्त्यात समुद्राचे जवळपास 19 मीटर धरावे लागतात. फरक एका मीटरचा असला तरी पाण्याखाली किती मिनिटे थांबायचे, याचा हिशेब त्यावरच ठरतो.

या तळ्याचा खरा सापळा मात्र पाण्याबाहेर आहे. खडकवासल्याहून पुढे जाणारा रस्ता सिंहगडावर जातो आणि गडाचा माथा सुमारे 1300 मीटर. तळ्यावरून निघालेला माणूस तासाभरात सातशे मीटर वर चढून पिठलं-भाकरीच्या ताटावर बसतो. पोटभर डायव्हिंग करून कुणी हा शिरस्ता पाळला तर त्याने शरीरावरचा दाब आणखी कमी करून घेतला, म्हणजे बुडबुड्यांना वाट करून दिली. हाच धोका तारकर्लीहून परतणाऱ्या पुणेकरांनाही आहे. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी ‘डॅन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था सांगते, की एका साध्या डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान 18 तास 600 मीटरच्या वर जाऊ नये. विमान टाळायचे हे बहुतेकांना माहीत असते. परतीच्या वाटेवरचा आंबोलीचा माथाही 600 मीटरच्या वर आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रविवारी दुपारी शेवटची डुबकी आणि सोमवारी ऑफिस, असे वेळापत्रक आखणाऱ्यांनी रात्री मालवणातच मुक्काम करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

पुण्यातल्या स्कूबाच्या शिकवण्या पोहण्याच्या तलावांत होतात आणि पुढची परीक्षा समुद्रात. निळ्या फरशीवरून थेट प्रवाळाकडे. मधल्या काळ्या, गढूळ, थंड पाण्यात उतरतात ती वेगळीच माणसे. सुदुंबऱ्याला एनडीआरएफच्या पाचव्या तुकडीचा तळ आहे. अग्निशमन दलाचे जवान आहेत, लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आहेत आणि काठच्या गावांतले मच्छीमार तर सगळ्यांच्या आधी पोचतात. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात वादळात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट उलटली आणि सहा जण बुडाले, तेव्हाही शोध घ्यायला अशीच माणसे उतरली होती.

त्यांचे काम डोळ्यांचे नसते, हातांचे असते. कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक होडीतल्या साथीदाराच्या हातात. एक हिसका म्हणजे एक अर्थ, दोन म्हणजे दुसरा. डायव्हर तळाशी हाताने चाचपत ठरलेल्या आखणीने पुढे सरकतो, एक पट्टा संपला की साथीदार दोर थोडा सोडतो, पुन्हा तेच. जाळ्यांचे तुटलेले तुकडे, बुडालेल्या झाडांच्या फांद्या, जुन्या कुंपणांच्या तारा वाटेत येतात, म्हणून पायाला सुरी बांधलेली असते. दरवाजे किंवा विमोचक चालू असेल त्या बाजूला जायचेच नाही. पाण्याची ओढ वरून जाणवत नाही आणि जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. हे सगळे करून जे हाती लागते ते काठावर बसलेल्या आईबापांच्या स्वाधीन करायचे. या कामाला आपल्या शहरात जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

पाण्याखाली पाहण्यासारखे काय, हे लोक नेहमी विचारतात. पवनेच्या पाण्यात वाघेश्वराचे दगडी मंदिर आहे, पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथे चालत जाता येते. मुळशीच्या तळाशी गावे गेली. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची ती जमीन. माझे कुतूहल मात्र जिवंत गोष्टींकडे जास्त ओढ घेते. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी साताऱ्याकडच्या सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधून काढला, तेव्हा त्या कुळातला प्राणी फक्त आफ्रिकेतच असतो असा समज होता. 1911-12 च्या सुमारास हा शोध प्रसिद्ध झाला. आघारकरांचा जन्म मालवणचा आणि त्यांच्या नावाची संशोधन संस्था पुण्यात. आमच्या नद्यांत खडकांना चिकटून वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंजही आहेत. ते वरून बघणाऱ्याला शेवाळ वाटतात आणि पाण्याखाली गेलेल्याला प्राणी म्हणून कळतात.

खडकवासल्यात हौशी पर्यटकांना डायव्हिंग खुले करावे, असे मी म्हणणार नाही. हे पिण्याचे पाणी आहे आणि गाळात न दिसणाऱ्या माणसाला शोधायला पुन्हा दुसऱ्या माणसाला उतरावे लागते. पण याच तळ्याच्या काठी 1916 मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, प्रबोधिनी आहे, आणि तासाभराच्या अंतरावर एनडीआरएफ. एवढी मंडळी असताना डिसेंबर ते फेब्रुवारी, दरवाजे बंद असताना, तळ्याचा एक ठरलेला कोपरा राखून गढूळ पाण्यातले शोधकाम शिकवता येईल. उंचीचे गणित, गोड्या पाण्याचे वजन, दोराची भाषा. पहिल्या तुकडीत काठच्या गावांतली मच्छीमारांची मुले असावीत. मुठेचे जुने पात्र कुठून वळते आणि काठ कुठे एकदम तुटतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. त्यांना सिलिंडर, रेग्युलेटर, विमा आणि पगार एवढेच द्यायचे आहे.