तेलविहिरींच्या पाण्यातील गंजरोधकांचा शोध

उत्तर समुद्रातील तेलविहिरी जसजशा जुन्या होतात, तसतसे त्यांतून तेलापेक्षा पाणीच अधिक वर येऊ लागते; खडकात युगानुयुगे अडकलेले खारे पाणी आणि दाब टिकवण्यासाठी खाली सोडलेले समुद्राचे पाणी यांच्या या मिश्रणाला ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ म्हणतात आणि तेल वेगळे केल्यावर त्यातील बरेचसे पुन्हा समुद्रात सोडले जाते. ईशान्य अटलांटिकच्या रक्षणासाठी झालेल्या ऑस्पार कराराने त्यातील विखुरलेल्या तेलाला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली असून, ते मोजण्याची पद्धतही आता रुळली आहे. मात्र उद्योगाने स्वतःहून मिसळलेली रसायने त्या आकड्यात दिसत नाहीत, आणि चिंता वाटावी ती त्यांचीच.

त्यांपैकी गंजरोधके विशेष चिवट आहेत. पोलादी नळ आतून गंजू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या बेन्झाल्कोनियमसारख्या संयुगांच्या रेणूचे धनभारित टोक धातूला चिकटते आणि लांब तेलकट शेपूट पाण्याला दूर ठेवते. परंतु हाच गुण रसायनज्ञाला नडतो, कारण काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असल्याने नमुना किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातील बराचसा अंश बाटलीच्या आतील बाजूवर जाऊन बसतो. नुसते पाणी ओतून घेतले तर आकडा फसवा, कमी येतो. म्हणून काटेकोर प्रयोगशाळेत रिकामी बाटली अल्कोहोलने खंगाळून ते धुवणही तपासणीत घेतले जाते. ही साधी खबरदारी महागड्या यंत्राइतकीच मोलाची मानली पाहिजे.

पुढे रेणूंचे वजन ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये द्रवाचे विद्युतभारित तुषार उडवले जातात, तेव्हा मीठ आणि तेलाचे अवशेष शोधल्या जाणाऱ्या रेणूंचा संकेत दाबून टाकतात. त्यामुळे क्षार आधी धुऊन काढावे लागतात आणि जड हायड्रोजनने खूण केलेला तोच रेणू ठरावीक मापाने मिसळून घट किती झाली ते ताडावे लागते. तथापि बाजारातील गंजरोधके ही अनेक घटकांची मिश्रणे असतात, त्यांची घडण हे व्यापारी गुपित असते आणि प्रत्येक घटकाचा शुद्ध नमुना तुलनेसाठी मिळत नाही. साहजिकच पुष्कळदा समुद्रात गेलेले प्रमाण मोजण्याऐवजी अंदाजले जाते: किती रसायन घातले आणि त्यातील किती तेलाबरोबर गेले असावे, याचा हिशेब मांडला जातो. परंतु तेल व पाणी यांतील ही वाटणी ठरवण्याची नेहमीची कसोटी ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र घुसळण्यावर आधारलेली आहे, आणि गंजरोधकांचे रेणू त्या दोन्ही द्रवांच्या सीमेवरच गोळा होत असल्याने नेमक्या त्यांच्याच बाबतीत ती कसोटी भरवशाची ठरत नाही.