हांसळीचें हाड सांधल्यानंतर

खांद्यावर जानवें आहे हें मनुष्यास सहसा जाणवत नाहीं. परंतु तें जाणवेनासें झालें म्हणजे मन अस्वस्थ होतें. गेले सहा महिने आम्ही हा अनुभव घेत आहों. करकंबाहून पंढरपुराकडे सायकलवरून जात असतां उंसाच्या ट्रॉलीस वाट देतांना आम्ही डाव्या खांद्यावर पडलों व हांसळीचें हाड मोडलें. तुकडे एकमेकांपासून फार सरकल्यामुळें धातूची पट्टी व स्क्रू घालून तें बसवावें लागलें. हाड उत्तम सांधलें. हात डोक्यावर जातो, ओलें धोतर पिळतां येतें. परंतु व्रणाच्या खालीं, छातीच्या वरच्या बाजूस, पंज्याएवढी जागा बधिर राहिली.

प्रथम या बधिरपणाची आम्हांस मोठी धास्ती वाटली. तो हळूहळू हातांत उतरेल व हात लुळा पडेल, असें मनांत येई. त्यांतच घरच्या मंडळींनीं मायेपोटीं तापलेल्या वाळूच्या पुरचुंडीनें शेक दिला. शेक कडक झाला हें आम्हांस समजलेंच नाहीं. दुसऱ्या दिवशीं फोड दिसले तेव्हां समजलें. ते दाखविण्यास गेलों असतां डॉक्टरांनीं या बधिरपणाचें कारण सांगितलें. तें अनेक कुटुंबांस उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

मानेंतील तिसऱ्या व चौथ्या मज्जातंतूंपासून कांहीं बारीक शाखा निघतात. त्या हांसळीवरून खालीं उतरतात व खांदा आणि छातीचा वरचा भाग यांच्या त्वचेस स्पर्शज्ञान देतात. डॉक्टर त्यांस ‘सुप्राक्लॅव्हिक्युलर’ तंतु म्हणतात. हे तंतु वरून खालीं येतात, आणि पट्टी बसविण्यासाठीं छेद बहुधा हाडाच्या रेषेनें आडवा घेतात. म्हणून ते छेदाच्या वाटेंतच येतात. कुशल शस्त्रवैद्य त्यांस जपण्याचा यत्न करतो, परंतु तें प्रत्येक वेळीं साधत नाहीं. तंतु कापले वा ताणले गेले म्हणजे त्यांच्या हद्दींतील त्वचा बधिर होते. मात्र त्यांचें काम केवळ त्वचेच्या स्पर्शज्ञानाचें आहे. स्नायूंस ते हालवीत नाहींत. म्हणून या बधिरपणानें हाताची शक्ति जात नाहीं.

तुटलेला तंतु पुन्हां वाढूं लागला तर त्याची गति दिवसास सुमारें १ मिलिमीटर, म्हणजे महिन्यास साधारण १ इंच असते. शेजारचे तंतूही थोडा भार उचलतात. यामुळें बधिर जागा महिन्यांमागून महिने आकुंचित होत जाते. मध्येंच मुंग्या येतात, टोंचल्यासारखें होतें. तें बहुधा जाग येण्याचेंच लक्षण असतें. कित्येकांची थोडी जागा मात्र कायमची बधिर राहते.

तथापि प्रत्येक बधिरपणा निरुपद्रवी मानूं नये. हांसळीच्या मागून व खालून हाताकडे जाणारा मोठा मज्जातंतुसमूह व मोठ्या रक्तवाहिन्या जातात. बोटें बधिर होणें, मूठ सैल पडणें, हात थंड वा निळसर होणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ डॉक्टर गांठावा. इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील १८५० सालीं घोड्यावरून पडले, त्यांची हांसळी मोडली व तीन दिवसांनीं ते वारले. हाडाखालील रक्तवाहिनी दुखावली असावी, असें मानतात.

आमच्या सुश्रुताचार्यांनीं या हाडास ‘अक्षक’ म्हटलें आहे. तें खचलें असल्यास शेकून मुसळानें वर उचलावें, वर आलें असल्यास दाबावें व घट्ट बांधावें, असा त्यांचा विधि आहे. त्यांत त्वचेस छेद नसल्यामुळें तेथील तंतु शस्त्रानें कापले जाण्याचा प्रसंगच नव्हता. आजही तुकडे फार सरकले नसतील तर हात झोळींत ठेवून हाड बहुधा सांधतें. म्हणून शस्त्रक्रियेची आवश्यकता किती, बधिरपणा कोठें येईल व किती काळ राहील, हे प्रश्न रोग्यानें आधींच विचारावेत. दोन वाक्यांचें उत्तर अनेक रात्रींची चिंता वांचवितें. आम्हीं तें विचारलें नाहीं, आणि कोणीं आपण होऊन सांगितलेंही नाहीं.

घरीं पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. बधिर जागीं शेक किंवा गरम पाण्याची पिशवी कदापि लावूं नये. स्नानाचें पाणी दुसऱ्या हातानें पाहून घ्यावें. खांद्यावर पिशवीचा पट्टा घेतल्यास तेथील त्वचा रोज आरशांत पाहावी, कारण घासलें तरी ती सांगणार नाहीं. पट्टी पुढें काढावयाची ठरल्यास छेद पुन्हां त्याच जागीं होतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

संस्कृत वैद्यकांत बधिरपणास ‘सुप्ति’ असा शब्द आहे. जें निजलें आहे तें मेलेलें नव्हे, हा अर्थ त्यांत आपोआप येतो. दर पौर्णिमेस घरच्या मंडळी शाईनें त्या जागेची कड आंखून देतात. पंज्याएवढी जागा आतां विड्याच्या पानाएवढी राहिली आहे. गेल्या आठवड्यांत संध्येस बसलों असतां जानव्याचा दोरा गळ्याजवळ किंचित् सरकला, तो आम्हांस कळला.